राजा आली

‘राजा आली. तिनं दाढी लावली आणि सिंहासनावर बसली.’

वाचताना अडखळलात ना? मराठी वाचणारा इथं अडखळणारच. ‘राजा’ म्हटलं की ‘आला’ हवं, ‘आली’ म्हणायचं तर ‘राणी’ हवी. काहीतरी चुकलंय असं वाटून आपण वाक्य पुन्हा वाचतो.

१८२९ साली झां-फ्रांस्वा शांपोल्यों हा फ्रेंच माणूस अशाच एका मजकुरापाशी अडखळला. मजकूर दगडावर होता. नाईल नदीच्या पश्चिम काठावर, आजच्या लक्सर शहरासमोर, उंच कड्याच्या पोटाशी एका मोडक्या मंदिराच्या भिंती ढिगाऱ्यातून डोकं वर काढून उभ्या होत्या. शांपोल्योंनं सातच वर्षांपूर्वी, १८२२ साली, इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सोडवलं होतं. चौदाशे वर्षं कुणालाच वाचता न आलेल्या भिंती तो वाचत होता. भिंतीवर राजा होता. राजाचा पेहराव, हनुवटीला बांधलेली राजाची खोटी दाढी, सगळं जिथल्या तिथं. पण त्याच्याविषयीचे शब्द मात्र स्त्रीलिंगी होते.

प्राचीन इजिप्तच्या भाषेतही मराठीसारखंच लिंग सांभाळावं लागतं. ‘मुलगा’ म्हणजे ‘सा’ आणि ‘मुलगी’ म्हणजे ‘सात’. शेवटचा तो ‘त’ लिहायला पावाचं चित्र काढतात, एक छोटंसं अर्धवर्तुळ. शांपोल्योंला दाढीवाल्या राजाच्या आजूबाजूला ही अर्धवर्तुळं दिसत होती. त्यानं तर्क लढवला की हा एखाद्या राणीचा नवरा असावा, तिच्या नावानं कारभार बघणारा. दाढीवाला राजा म्हणजेच ती बाई असेल, हे लिपी उलगडणाऱ्या माणसालाही सुचलं नाही.

ती बाई म्हणजे हातशेप्सुत. तिचं नाव भिंतींवरून ठिकठिकाणी छिन्नीनं काढून टाकलं होतं. कुठं तिथं तिच्या वडिलांचं नाव कोरलं होतं, कुठं नवऱ्याचं. पण नाव बदलणाऱ्यांनी बाजूचे सगळे ‘त’ शोधून काढले नाहीत. नाव गेलं, व्याकरण राहून गेलं.

तिसऱ्या गच्चीवर

मी त्या मंदिरात गेले ती जानेवारीत. सकाळची वेळ, तरी ऊन चांगलंच तापलेलं. तिकिटाच्या खिडकीपासूनच ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ सुरू झालं होतं. लक्सरमध्ये भारतीय माणसाला याची दोन दिवसांत सवय होते.

फोटोत हे मंदिर तुम्ही पाहिलं असेल. एकावर एक तीन प्रशस्त गच्च्या, त्यांना जोडणारे लांबच लांब उतार, खांबांच्या सरळ रांगा, आणि मागं उभाच्या उभा सोनेरी कडा. पहिल्या नजरेत ही इमारत कालपरवाची वाटते. प्रत्यक्षात ती साधारण साडेतीन हजार वर्षं जुनी आहे. तिचं मूळ नाव ‘जेसेर-जेसेरू’, म्हणजे पवित्रांहून पवित्र. शेजारीच राजा मेंतुहोतेप दुसरा याचं तिच्याहून पाचशेहून अधिक वर्षं जुनं मंदिर आहे. गच्च्यांची कल्पना तिथून उचललेली, पण मोठी करून आणि नीटस करून.

मधल्या गच्चीवर डाव्या हाताला पुंत देशाच्या मोहिमेची चित्रं आहेत. पुंत म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाकडचा प्रदेश. हातशेप्सुतनं तिकडं जहाजं पाठवली आणि हिराबोळाची जिवंत झाडं मुळांसकट, टोपल्यांत घालून आणवली. हिराबोळ म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात तोच. जहाजांखालच्या पाण्यात मासे इतके बारकाईनं कोरलेत की जाती ओळखता येतात. शेजारी पुंतची लठ्ठ राणी उभी आहे. ती मात्र प्रतिकृती आहे. मूळ दगड एकोणिसाव्या शतकात चोरीला गेले होते, ते परत मिळाले आणि कैरोच्या संग्रहालयात ठेवले गेले.

मला मात्र वरची गच्ची बघायची होती. कित्येक दशकं ती पर्यटकांना बंद होती. या शतकाच्या सुरुवातीला उघडली. तिच्या टोकाला, थेट कड्यात कोरलेला गाभारा आहे. तिथल्या एका भिंतीसमोर आमचा गाईड थांबला आणि काही न बोलता त्यानं बोट दाखवलं.

भिंतीवर देवासमोर कुणीतरी उभं होतं. म्हणजे उभं असल्याची जागा होती. छिन्नी चालवणाऱ्यानं आकृतीच्या बाह्यरेषेच्या आतला सगळा भाग टोचून टोचून उडवला होता. पण रेषेच्या बाहेर तो गेला नव्हता. त्यामुळं डोकं, खांदे, पुढं केलेला हात, सगळं ओळखू येत होतं. आत चेहरा नव्हता, वस्त्र नव्हतं, फक्त खडबडीत दगड. पाठीमागून प्रकाश आल्यावर माणूस दिसतो तसं.

सावत्र आईची गोष्ट

हे कुणी केलं, याचं उत्तर पक्कं आहे. थुटमोस तिसरा. का केलं, याचं उत्तर मात्र शंभर वर्षांत दोनतीनदा बदललं.

आधी नातं सांगते. हातशेप्सुत ही थुटमोस पहिला या राजाची मुलगी आणि थुटमोस दुसरा याची राणी. नवरा वारला तेव्हा गादीचा वारस, म्हणजे दुसऱ्या बायकोचा मुलगा थुटमोस तिसरा, लहान होता. हातशेप्सुतनं आधी त्याच्या वतीनं कारभार पाहिला आणि काही वर्षांत स्वतःला राजा म्हणून घोषित केलं. साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८ हा तिचा काळ. सुरुवातीच्या काही मूर्तींमध्ये तिचं शरीर बाईचं दिसतं, नंतरच्या मूर्तींमध्ये पुरुषाचं. मजकुरात मात्र तो ‘त’ अनेक ठिकाणी शेवटपर्यंत राहिला.

इथून पुढची गोष्ट अभ्यासकांनी सहज रचली. महत्त्वाकांक्षी सावत्र आई मुलाचं सिंहासन बळकावते, मुलगा मनात धुमसत राहतो, ती मरताच तो मोठा होऊन सूड घेतो आणि तिचं नावनिशाण पुसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामवंत मंडळींनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली. आपल्या कहाण्यांमधून सावत्र आई चांगलीच ओळखीची असल्यामुळं ती आपल्यालाही लगेच पटते.

पुरावाही हाताशी होता. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठी खोदकाम करणाऱ्या हर्बर्ट विनलॉकला मंदिराजवळच्या खड्ड्यांत हातशेप्सुतच्या मूर्तींचे ढीगभर तुकडे सापडले. मूर्ती मंदिरातून काढून, फोडून तिथं टाकल्या होत्या. तुकडे जुळवण्याचं काम कित्येक वर्षं चाललं. एका बसलेल्या मूर्तीचं डोकं विनलॉकला खड्ड्यात मिळालं, पण धड लेप्सियसच्या मोहिमेनं १८४५ सालीच बर्लिनला नेलं होतं. १९२९ साली दोन्ही संग्रहालयांत देवाणघेवाण झाली आणि डोकं धडावर बसलं. ती मूर्ती आज न्यूयॉर्कमध्ये आहे. शांत चेहरा, किंचित हसू.

मग १९६६ साली चार्ल्स निम्स यांनी एक साधा प्रश्न विचारला. ही तोडफोड नक्की कधी झाली? कर्नाकच्या मंदिरात कुठली भिंत आधीची, कुठली नंतरची, असा क्रम लावत त्यांनी दाखवलं की नाव पुसण्याचं काम थुटमोसच्या कारकिर्दीच्या ४२व्या वर्षाच्या आसपास सुरू झालं. हातशेप्सुत मरण पावली ती २२व्या वर्षाच्या सुमाराला. म्हणजे मधे वीस वर्षं गेली होती.

वीस वर्षं थांबून कोण सूड घेतं? थुटमोस तोवर इजिप्तचा सर्वांत यशस्वी सेनापती-राजा झाला होता. त्याला कुणाची भीती नव्हती. आजचा सर्वसाधारण अंदाज असा, की प्रश्न मागचा नसून पुढचा होता. गादी आपल्या मुलाकडे निर्विवाद जावी, वडिलांकडून मुलाकडे अशी सरळ रेघ दिसावी, यासाठी मधलं एक नाव काढायचं होतं. तसं पाहिलं तर रागानं पुसलेल्यापेक्षा हे जास्त थंड आहे.

अगदी अलीकडे, २०२५ साली, जुन यी वाँग या संशोधकानं विनलॉकच्या मोहिमेच्या जुन्या नोंदी आणि फोटो पुन्हा तपासले. त्यात असं दिसलं की बऱ्याच मूर्ती मान, कंबर आणि गुडघे इथं तोडलेल्या होत्या आणि अनेकींचे चेहरे शाबूत होते. इजिप्तमध्ये इतर राजांच्या मूर्तीही अशाच तोडलेल्या सापडतात. मूर्तीतली शक्ती काढून घेण्याचा तो विधी असावा, असं वाँगचं म्हणणं. शिवाय बरीचशी मोडतोड पुढच्या लोकांनी दगड वापरायला नेताना केली. भिंतींवरचं नाव पुसणं हा वेगळा भाग, तो खराच. पण चेहऱ्यावर घाव घालणारा संतापलेला मुलगा आपल्या डोक्यातच जास्त होता.

लक्षात घ्या, यातला एकही दगड नव्यानं सापडलेला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसानं कुठला तुकडा कुठं पडला होता हे लिहून ठेवलं, फोटो काढून ठेवले, म्हणून त्याचाच निष्कर्ष आज तपासता आला.

दुरुस्ती करणारे हात

या मंदिराची पहिली दुरुस्ती आपल्या काळातली नाही. हातशेप्सुतनंतर शंभरेक वर्षांनी अखेनातेन राजा आला. त्याला एकच सूर्यदेव मान्य होता, म्हणून त्याच्या माणसांनी अमुन देवाच्या आकृत्या आणि नावं खरवडली. मंदिरच अमुनचं, त्यामुळं भरपूर खरवडाखरवड झाली. अखेनातेन गेल्यावर पुढच्या राजांनी अमुन पुन्हा कोरून काढला. रामसेस दुसरा यानं तर आपण स्मारक नवं केलं अशी नोंदही भिंतीवर करून ठेवली.

म्हणजे दुरुस्ती करणारे कारागीर त्याच भिंतींसमोर उभे होते. देवाची खरवडलेली आकृती त्यांनी भरून काढली. त्याच्यापुढं हात केलेली राजाची जागा तशीच ठेवली. जीर्णोद्धार करणारा काय परत आणायचं ते ठरवतो, आणि काय नाही तेही.

पुढं इथं इम्होतेप आणि हापूचा मुलगा अमेनहोतेप या दोन जुन्या ज्ञानी पुरुषांची पूजा होऊ लागली. आजारी माणसं बरं होण्याच्या आशेनं येत. त्यानंतर इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराला वरच्या गच्चीवर कॉप्टिक ख्रिस्ती साधूंनी मठ बांधला, संत फोइबामॉनच्या नावानं. आजचं नाव त्यावरूनच पडलं. देर अल-बहारी म्हणजे उत्तरेकडचा मठ.

तुम्ही गेलात तर मठ शोधू नका. तो नाही.

एदुआर नाविल यांनी १८९३ पासून इजिप्त एक्स्प्लोरेशन फंडातर्फे मंदिर मोकळं करायला घेतलं. काम मोठं होतं आणि त्यातून मोठ्या आकाराचे ग्रंथही निघाले. भिंतींवरच्या चित्रांची नक्कल करायला आलेल्यांत १९ वर्षांचा एक मुलगा होता, हॉवर्ड कार्टर. हाच पुढं १९२२ साली तुतनखामेनची कबर शोधणार होता. पण नाविल यांना हवं होतं फेअरोचं मंदिर. वर बसलेल्या मठाच्या विटांच्या भिंती आणि बुरूज मधे येत होते. ते त्यांनी पाडले, आणि पाडण्याआधी पुरेशी नोंद केली नाही. शे-दीडशे वर्षं तरी तिथं माणसं राहिली होती, प्रार्थना करत होती, हिशेब आणि करार लिहीत होती. पुढं १९८०च्या दशकात पोलिश संशोधक व्लोजिमिएश गोद्लेव्स्की यांनी जुनी चित्रं, फोटो, विखुरलेले लेख एकत्र करून मठाचा आराखडा जमेल तेवढा कागदावर परत आणला. तोही कागदावरच.

हातशेप्सुतचं नाव गेलं आणि मंदिर राहिलं. मठाचं उलटं झालं. फक्त नाव उरलं.

नाविलनंतर १९२५ पासून एमिल बराइझ यांनी इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यासाठी खांब आणि भिंती उभारायला सुरुवात केली. १९६१ पासून काम पोलिश मोहिमेकडे आहे. वॉर्सा विद्यापीठाच्या काझिमिएश मिखाओव्स्की यांनी ती सुरू केली. दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, त्यांना दोन मंदिरांच्या मधल्या ढिगाऱ्याखाली तिसरं मंदिर सापडलं. ते थुटमोस तिसरा याचं होतं, त्याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दशकातलं. हातशेप्सुतचं नाव पुसलं जात असताना, तिच्या मंदिराला अगदी खेटून, तो स्वतःचं मंदिर उभारत होता.

पोलिश मोहिमेचं रोजचं काम ऐकायला रंजक नाही. हजारो फुटके दगड आवारात मांडून ठेवलेले. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाचं रेखाचित्र. एका दगडावर खांदा आहे, त्याची रेघ कुठल्या दगडावरच्या दंडाला मिळते? चित्रलिपीतलं अर्धं अक्षर इथं आहे, उरलेलं अर्धं कुठं? जागा पक्की झाली तरच दगड भिंतीत चढतो. आधीच्या उभारणीत चुकीच्या जागी बसलेले दगड काढून पुन्हा बसवावे लागले. डोक्यावर कडा आहे, त्यातून दगड सुटतात, त्याचाही बंदोबस्त करायचा. साठ वर्षांहून जास्त काळ हे सुरू आहे. मंदिर बांधायला लागलेल्या वर्षांहून ही वर्षं कितीतरी जास्त आहेत.

आणि नवा दगड जुन्यात मिसळून जाऊ देत नाहीत. जवळ गेलात की कळतं, इथपर्यंत जुनं, इथून पुढं आपलं. १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेत हे तत्त्व म्हणून लिहिलं आहे. भर घालायची ती शोभली पाहिजे, पण ओळखूही आली पाहिजे. नाहीतर दुरुस्तीच पुराव्यात लबाडी करते.

म्हणूनच गाभाऱ्यातली ती पोकळ आकृती कुणी भरली नाही. आज भरणं अवघड नाही. तिचा चेहरा आपल्याला माहीत आहे. पण भरली तर थुटमोसनं काय केलं ते पुसलं जाईल. आणि तिथला पृष्ठभाग गुळगुळीत केला तर ती पुसली जाईल. तसंच ठेवलं की दोघंही वाचता येतात.

ऑइलपेंट

त्या भिंतीसमोर मला आमच्या गावचं देऊळ आठवलं, आणि आठवून बरं वाटलं नाही.

मी कॉलेजात असताना देवळाचा जीर्णोद्धार झाला. मी स्वतः पावतीपुस्तक घेऊन घरोघर वर्गणी मागत फिरले होते. काळ्या दगडाच्या खांबांना ऑइलपेंट लागला. आकाशी आणि गुलाबी. उद्‌घाटनाच्या दिवशी मीच रांगोळी काढली. खूप नंतर लक्षात आलं की डावीकडच्या दुसऱ्या खांबावर दोन ओळी होत्या. लहानपणी आम्ही लपाछपी खेळताना त्या खांबाशी तोंड करून आकडे मोजायचो, तेव्हा नाकासमोर ती अक्षरं असायची. काय लिहिलं होतं ते आम्ही कुणी वाचलं नाही. मोठ्यांपैकीही कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. कुणाचा राग नव्हता, सूड नव्हता. आम्हाला फक्त देऊळ छान दिसायला हवं होतं. नाविल यांनाही तेच हवं होतं.

परत निघताना गाईडला विचारलं, तो ‘त’ कुठं दिसेल का? तो हसला. बहुधा हा प्रश्न त्याला रोज येत नसावा. एका खांबापाशी नेऊन त्यानं खाली वाकायला लावलं. राजाच्या नावाची लांबट चौकट होती, आतली अक्षरं नंतरची, जरा खोल गेलेली. आणि चौकटीच्या बाहेर, एका चित्राच्या पायाशी, पावाचं ते अर्धवर्तुळ. मी फोटो काढला. सावली पडल्यामुळं तो नीट आला नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या देवळाच्या नव्या फरशीची बैठक आहे. मी जाणार आहे. फरशीला माझा विरोध नाही, म्हाताऱ्या माणसांना जुन्या दगडांवर ठेच लागते. मला एवढंच सांगायचं आहे की आधी सगळ्या खांबांचे फोटो काढू, मापं घेऊ, कुठं काय आहे ते वहीत लिहू. आणि डावीकडच्या दुसऱ्या खांबावरचा रंग जाणकार माणसाला बोलावून हळूहळू काढता येतो का, ते बघू.